एपिडॉरसचा उन्हाळा : परंपरा, भांडण आणि भाषांतर

ग्रीसमध्ये दर उन्हाळ्यात भरणाऱ्या अथेन्स-एपिडॉरस महोत्सवाविषयी जे काही लिहिले जाते त्यात एक वाक्य हमखास आढळते : इथे प्राचीन आणि आधुनिक रंगभूमीचा संगम होतो. 'संगम' हा शब्द आपल्यालाही फार प्रिय आहे. दोन नद्या दोन उगमांतून येतात, एका ठिकाणी मिळतात आणि ते ठिकाण तीर्थक्षेत्र होते. परंतु ही प्रतिमा रंगभूमीला लावली की एक गफलत होते. प्राचीन नाटक नावाचा एक प्रवाह आजवर अखंड वाहत आला आहे, असे आपण नकळत गृहीत धरतो. वस्तुतः प्रयोगाच्या पातळीवर प्राचीन नाटक कुठेच शिल्लक नाही. संहिता शिल्लक आहेत, दगड शिल्लक आहेत. त्यांच्या आधाराने जे उभे राहते ते सर्वस्वी आजचे नाटक असते. ते आजच्या भाषेत, आजच्या नटांनी, आजच्या प्रेक्षकांसमोर उभे केलेले असते. या महोत्सवाचे मोठेपण त्याच्या प्राचीनतेत नसून, जुन्या संहितेवर हक्क कोणाचा या प्रश्नावर तिथे जे भांडण सतत चालू राहिले त्यात आहे, असे मला वाटते. आणि मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनी या महोत्सवाकडून काही घ्यायचेच असेल तर ते भांडण घ्यावे, असे या लेखात सुचवायचे आहे.

प्रथम कालक्रम पाहू. एपिडॉरसचे नाट्यगृह इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकाच्या अखेरीस बांधले गेले. ते पॉलिक्लिटसने बांधले असे पॉसेनिअस हा प्राचीन प्रवासवर्णनकार सांगतो. अस्क्लेपिअस या आरोग्यदेवतेच्या क्षेत्राचा ते एक भाग होते. व्याधिग्रस्त लोक तिथे उपचारासाठी येत, मंदिराच्या आवारात झोपत आणि स्वप्नात देव येऊन आपल्याला बरे करील अशी आशा धरत. पुढे अनेक शतके हे नाट्यगृह मातीखाली गेले. पानागिस कावादियास या पुरातत्त्वज्ञाने १८८१ पासून त्याचे उत्खनन केले. आधुनिक काळात तिथे प्राचीन नाटक झाले ते १९३८ साली : सोफोक्लीजचे 'इलेक्ट्रा', दिग्दर्शक दिमित्रिस रोंदिरिस, प्रमुख भूमिकेत कातिना पाक्सिनू. मग महायुद्ध आले, त्यापाठोपाठ यादवी युद्ध आले. १९५४ साली रोंदिरिसनेच युरिपिडीजचे 'हिपोलिटस' तिथे केले आणि १९५५ साली महोत्सव रीतसर सुरू झाला. त्या वर्षी अलेक्सिस मिनोतिसच्या दिग्दर्शनाखाली 'हेक्युबा' झाले. त्याच वर्षी अथेन्समध्येही महोत्सवाची दुसरी शाखा उघडली. तिचे स्थान ॲक्रोपोलिसच्या पायथ्याचे हेरोडीस ॲटिकसचे ओडिऑन.

म्हणजे ज्या परंपरेला आपण अडीच हजार वर्षांची म्हणतो तिचे वय सत्तर वर्षांच्या आसपास आहे. आपल्या राज्य नाट्यस्पर्धेच्या आगेमागे जन्मलेली ही गोष्ट आहे. आणखी थोडे खोलात गेले तर विसंगती वाढत जातात. सोफोक्लीजने एपिडॉरसचे नाट्यगृह पाहिले नव्हते. तो इसवी सनापूर्वी ४०६च्या सुमारास वारला आणि हे नाट्यगृह त्यानंतर दोनतीन पिढ्यांनी उभे राहिले. हेरोडीस ॲटिकसचे ओडिऑन तर त्याहून कितीतरी अलीकडचे. रोमन अमदानीत, इसवी सन १६१च्या सुमारास, एका धनाढ्य गृहस्थाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ बांधलेले ते छप्पर असलेले संगीतगृह होते. आज तिथे उघड्या आकाशाखाली, १९५०च्या दशकात नव्याने बसवलेल्या संगमरवरी बैठकींवर बसून प्रेक्षक 'अँटिगनी' पाहतात आणि आपण प्राचीनांच्या जागी बसलो आहोत असे त्यांना वाटते. यात फसवणूक आहे असे मी म्हणत नाही. परंपरा बहुधा अशीच घडते. मात्र ती घडवली जाते, वारशाने आयती मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या महोत्सवाला उन्हाळा मिळाला तोही आधुनिक सोयीसाठी. अथेन्सचा मूळ नाट्योत्सव, म्हणजे डायोनिसस देवाचा नागरी उत्सव, वसंतात भरत असे. त्याचे स्वरूप स्पर्धेचे होते. तीन शोकांतिकाकार आपापली नाटके सादर करीत आणि परीक्षक क्रम लावीत. यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण वर्गात क्वचित सांगतो : ती नाटके नवी असत. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला प्रेक्षक 'अभिजात' नाटक पाहायला जात नव्हता. जुन्या शोकांतिकेच्या पुनःप्रयोगाला उत्सवात अधिकृत स्थान मिळाले ते इसवी सनापूर्वी ३८६ साली, तिन्ही थोर नाटककार काळाच्या पडद्याआड गेल्यावर. कथा जुनी असे, पण ती पुनःपुन्हा नव्याने रचली जाई. इलेक्ट्रा आणि तिचा भाऊ ओरेस्टिस यांनी आईचा सूड घेतला ही एकच कथा ईस्किलस, सोफोक्लीज आणि युरिपिडीज या तिघांनी हाताळली आणि तिन्ही नाटके आज उपलब्ध आहेत. तिन्हींत इलेक्ट्रा निराळी आहे. ईस्किलसची इलेक्ट्रा अर्ध्या नाटकातच मागे सरते, सोफोक्लीजची रंगमंच सोडत नाही आणि युरिपिडीजची एका शेतकऱ्याच्या झोपडीत नांदते. तेव्हा 'मूळ' इलेक्ट्रा कोणती, हा प्रश्नच निरर्थक ठरतो.

उलट, प्राचीन काळीही वर्तमान रंगमंचावर आले की गहजब होई. फ्रायनिकस नावाच्या नाटककाराने मिलेटस शहराच्या पाडावावर नाटक लिहिले. ती घटना ताजी होती, जखम ओली होती. प्रेक्षक रडले, आणि अथेन्सने नाटककाराला एक हजार द्राख्मा दंड करून ते नाटक पुन्हा करण्यास मनाई केली, असे हिरोडोटस सांगतो. ईस्किलसचे 'पर्शियन्स' हे सालामिसच्या लढाईनंतर अवघ्या आठ वर्षांनी आले. त्याने ते युद्ध हरलेल्या शत्रूच्या घरातून दाखवले. युरिपिडीजचे 'मेडिया' आज जगभर अभ्यासक्रमात आहे. इसवी सनापूर्वी ४३१ साली स्पर्धेत त्याच्या नाट्यगुच्छाला तिसरा क्रमांक मिळाला होता आणि स्पर्धक तीनच होते. आज ज्याला आपण अभिजात म्हणतो ते आपल्या काळात असे वादग्रस्त, दंडपात्र किंवा सरळसरळ नापसंत होते. या पार्श्वभूमीवर 'मुळाशी इमान राखा' असे आधुनिक दिग्दर्शकाला बजावणाऱ्यांना विचारावेसे वाटते : कोणत्या मुळाशी? संहितेच्या अक्षरांशी, की अक्षरांनी त्या काळी जो धक्का दिला त्या धक्क्याशी?

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहतो तो भाषेच्या संदर्भात. ग्रीक माणसाला सोफोक्लीज आपोआप समजतो, अशी आपली भाबडी समजूत असते. तशी वस्तुस्थिती नाही. प्राचीन ग्रीक आणि आजची ग्रीक यांत एवढे अंतर आहे की महोत्सवातली नाटके आधुनिक ग्रीक भाषांतरातच होतात. ही भाषांतरे सुखासुखी स्वीकारली गेली नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीसमध्ये दोन भाषारूपांचा झगडा चालू होता. एकीकडे विद्वानांनी शुद्ध करून घडवलेली प्रतिष्ठित भाषा आणि दुसरीकडे लोकांची बोली. १९०१ साली मॅथ्यूचे शुभवर्तमान लोकभाषेत छापले गेले म्हणून अथेन्समध्ये दंगल झाली आणि माणसे मेली. १९०३ साली ईस्किलसची 'ओरेस्टिया' ही नाट्यत्रयी राजेशाही रंगमंदिरात भाषांतरित रूपात सादर झाली, तेव्हा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या चिथावणीने विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तिथेही रक्त सांडले. एका नाटकाच्या भाषांतरावरून! लोकभाषेला राज्यव्यवहारात पूर्ण मान्यता मिळायला १९७६ साल उजाडावे लागले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या घटनेपाशी जरा थांबावे. दंगल करणारे अडाणी नव्हते, ते विद्यार्थी होते. आपल्या पूर्वजांचे वैभव बाजारातल्या भाषेत ओढले जात आहे, असे त्यांना मनापासून वाटत होते. परंतु इतिहासाने त्यांच्या विरुद्ध कौल दिला. ईस्किलस ग्रीसमध्ये पुन्हा जिवंत झाला तो त्याला बोलीत आणणाऱ्या भाषांतरकारांमुळे. त्याला विद्वत्तेच्या पेटीत जपणाऱ्यांच्या हाती तो तसाच निपचित पडून राहिला असता. त्यानंतर प्रत्येक पिढीने ही नाटके आपल्यापुरती पुन्हा भाषांतरित केली. नवा प्रयोग पुष्कळदा नवे भाषांतर मागतो आणि भाषांतरकाराचे नाव दिग्दर्शकाच्या बरोबरीने चर्चिले जाते. महोत्सवाचा हा सर्वांत मोलाचा परिणाम मला वाटतो. दगडांची नाट्यगृहे सर्वांना दिसतात, भाषांतरांचा हा ढीग मात्र कोणाच्या छायाचित्रात येत नाही.

भाषेचे भांडण मिटले तरी सत्तेचे मिटले नव्हते. १९५९ साली कारोलोस कून या दिग्दर्शकाने आपल्या 'थिआत्रो तेख्निस' या संस्थेतर्फे ॲरिस्टोफेनिसचे 'पक्षी' हेरोडीस ॲटिकसच्या ओडिऑनमध्ये केले. संगीत मानोस हाजिदाकिसचे, नेपथ्य चित्रकार यानिस त्सारुखिसचे. यज्ञाच्या प्रसंगातला पुरोहित ऑर्थोडॉक्स चर्चमधल्या पठणाच्या चालीवर बोलू लागला आणि प्रेक्षागृहात गोंधळ उडाला. दुसऱ्याच दिवशी कॉन्स्टांटिनोस त्सात्सोस या मंत्र्याने पुढचे प्रयोग रद्द केले. गंमत अशी की ॲरिस्टोफेनिसने स्वतःच आपल्या काळच्या पुरोहितांची, पुढाऱ्यांची आणि देवांचीही टर उडवली होती. कूनने केलेली आगळीक एवढीच की त्याने थट्टा समकालीन केली. म्हणजे तो मुळाशी इमान राखत होता म्हणूनच बंदी आली! पुढे १९६२ साली याच प्रयोगाला पॅरिसच्या 'थिएटर ऑफ नेशन्स' महोत्सवात पहिले पारितोषिक मिळाले. एपिडॉरसचे दरवाजे मात्र त्याला लगेच उघडले नाहीत. तिथे दोन दशके राष्ट्रीय रंगभूमीची जवळजवळ मक्तेदारी होती. मधल्या काळात, १९६७ ते १९७४, लष्करी हुकूमशाही येऊन गेली. ती कोसळल्यावर १९७५ साली कूनचे 'पक्षी' एपिडॉरसला झाले. ज्या मंत्र्याने त्यावर बंदी घातली होती तो त्याच वर्षी देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. एखाद्या नाटककाराने हे रचले असते तर आपण त्याला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते.

आता दुसरी बाजू. परंपरावाद्यांचे म्हणणे केवळ हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९९७ साली मातियास लांगहॉफने केलेल्या 'बॅकी'वरून एपिडॉरसला वादळ उठले. २००८ साली अनातोली वासिलिएव्ह या रशियन दिग्दर्शकाच्या 'मेडिया'ला प्रेक्षकांनी चालू प्रयोगातच हुर्यो केली. अशा वेळी सुशिक्षित समीक्षक प्रेक्षकांना मागासलेले ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. हजारो माणसे लांबचा प्रवास करून येतात, दगडावर बसतात आणि एखाद्या संहितेची मोडतोड झाली म्हणून संतापतात, ही कोणत्याही साहित्यसंस्कृतीला हेवा वाटावा अशी गोष्ट आहे. ज्या नाटकाबद्दल कोणी रागावत नाही ते नाटक मेलेले असते. शिवाय त्यांच्या आक्षेपात तथ्यही असू शकते. दिग्दर्शकाची प्रतिभा हा सुद्धा एक हुकूमशहाच आहे. संहितेतले काही ऐकूच न घेता तिच्यावर स्वतःचे स्वगत लादणारा प्रयोग केवळ 'समकालीन' आहे म्हणून चांगला ठरत नाही.

२०१६ सालचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. महोत्सवाच्या कलासंचालकपदी यान फाब्र या बेल्जियन कलावंताची नेमणूक झाली. पहिल्या वर्षी महोत्सव प्रामुख्याने बेल्जियन कलावंतांना वाहिलेला असेल, अशी योजना त्याने जाहीर केली. आर्थिक संकटाने आधीच पिचलेल्या ग्रीक नाट्यकर्मींनी सभा घेऊन जाहीर निषेध केला आणि काही दिवसांतच, एप्रिलच्या आरंभी, त्याने राजीनामा दिला. या वादात परंपरावादी आणि प्रयोगशील यांची नेहमीची विभागणी मोडून पडली. निषेध करणाऱ्यांत प्रयोगशील रंगकर्मीच पुढे होते. त्यांचा विरोध नव्याला नव्हता, बाहेरच्यालाही नव्हता. २००६ पासूनच्या दशकात योर्गोस लुकोसच्या कारकिर्दीत अथेन्सच्या पिरेओस रस्त्यावरच्या जुन्या कारखान्यात नवी नाटके रुजली होती. २००७ साली एपिडॉरसच्या वर्तुळात फिओना शॉ बेकेटच्या 'हॅपी डेज'मधली विनी होऊन उभी राहिली होती. त्याही आधी, १९६० साली, मारिया कॅलासने तिथे 'नॉर्मा' गायली होती. त्यांचा प्रश्न वेगळाच होता : या जागेशी संवाद न करता ती वापरायची कशी? जुन्याशी भांडायलाही आधी जुन्याशी ओळख लागते.

मग चांगल्या प्रयोगाची कसोटी कोणती? माझ्या मते ती कसोटी कोरस हीच आहे. एपिडॉरसच्या नाट्यगृहाचे चित्र पाहिले की नजर आधी ठरते ती मधल्या वर्तुळावर. ते वर्तुळ नायकासाठी आखलेले नाही, कोरसच्या नृत्यगायनासाठी आहे. कोरसमध्ये उभे राहणारे लोक व्यावसायिक नट नसत. ते अथेन्सचे नागरिक असत. सोफोक्लीजने त्यांची संख्या बारावरून पंधरा केली. कोरसलाही एक पात्र मानावे, त्याला नाटकाच्या समग्र रचनेचा भाग करावे, असे ॲरिस्टॉटल सांगतो. आधुनिक रंगभूमीला मात्र या पंधरा माणसांचे काय करावे हे कळत नाही. आपले नाट्यशिक्षण पात्रांच्या मनोविश्लेषणावर पोसलेले आहे. इडिपसचे मन उलगडता येते, थीब्जच्या वृद्धांच्या समूहाचे काय उलगडणार? मग कोरस कापला जातो, तीन बायकांवर आणला जातो, किंवा पार्श्वसंगीत होऊन बसतो. पीटर हॉलने १९८२ साली आपली मुखवटेधारी, केवळ पुरुष नटांची 'ओरेस्टिया' एपिडॉरसला आणली ती या प्रश्नाला सामोरे जाण्यासाठीच. २०२४ साली थिओदोरोस तेर्झोपुलोसने ग्रीसच्या राष्ट्रीय रंगभूमीसाठी 'ओरेस्टिया' केली तेव्हा कोरसचे शरीर हेच प्रयोगाचे केंद्र झाले. हे प्रयोग एकमेकांहून सर्वस्वी भिन्न, पण वर्तुळाने विचारलेला प्रश्न दोघांनीही ऐकलेला. राजाचे दुःख एकट्या राजाचे असते, की ते पाहणाऱ्या नगराचेही असते? हा प्रश्न ज्या प्रयोगात उरतो तो मला शोकांतिकेशी इमानी वाटतो, मग नटांनी कोट घातले असोत की झगे. आणि तो प्रश्न जिथे हरवतो तिथे संहितेचा शब्द न् शब्द राखला तरी काही उपयोग नाही.

इथे एपिडॉरसच्या ध्वनीविषयीची दंतकथाही आठवते. वर्तुळाच्या मध्यभागी नाणे पाडले किंवा कागद फाडला तरी शेवटच्या, पंचावन्नाव्या ओळीत ऐकू येते, असे वाटाडे पर्यटकांना पिढ्यानपिढ्या सांगत आले आहेत. २००७ साली दोन संशोधकांनी पायऱ्यांची नागमोडी रचना खालच्या पट्टीतला गोंगाट गाळून टाकते असे दाखवले. २०१७ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा कुजबुज सर्वत्र स्पष्ट पोहोचते हा दावा टिकला नाही. पोहोचतो तो नटाने कमावलेला, फेकलेला आवाज. मला हा निष्कर्ष निराशाजनक मुळीच वाटत नाही. दगड मदत करतो, पण बोलावे माणसालाच लागते. परंपरेचेही तसेच आहे.

आता आपल्याकडे वळू. मराठीचा आणि ग्रीक शोकांतिकेचा संबंध तसा जुना आहे. 'शोकांतिका' हा शब्द आपण इतका मुरवला आहे की तो कोणत्या संकल्पनेसाठी घडवावा लागला याचा विसर पडतो. विंदा करंदीकरांनी ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत आणले. 'कॅथार्सिस'साठी आपण 'विरेचन' हा शब्द वापरतो, तो तर थेट आयुर्वेदातला, पंचकर्मातला. ॲरिस्टॉटलच्या शब्दालाही वैद्यकाचा वास होताच, आणि एपिडॉरसचे नाट्यगृह आरोग्यदेवतेच्या दारात उभे आहे हे लक्षात घेतले तर हा मराठी प्रतिशब्द किती नेमका आहे हे कळते. १९७९ साली पु. ल. देशपांडे यांनी 'राजा ओयदिपौस' लिहिले. ही सारी आपली कमाई. पण ती आपण पुढे किती चालवली? वर्गात 'इडिपस' शिकवताना मुलांच्या हाती एक तर इंग्रजी भाषांतर असते, नाही तर मागच्या पिढीतले एखादे मराठी पुस्तक, आणि बऱ्याचदा यांपैकी काहीच नसते. असतात त्या टिपा. नायकाचा प्रमाद, दैवाचा खेळ, भय आणि करुणा अशी चार गुणांची चार उत्तरे.

संस्कृत नाटकांच्या बाबतीत तर आपली स्थिती अधिक विचित्र आहे. आधुनिक मराठी रंगभूमीचा एक प्रमुख पाया १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'ने घातला. ते काय होते? कालिदासाची संहिता त्या काळच्या मराठीत आणि त्या काळच्या श्रोत्याला गुणगुणता येतील अशा चालींत. आपल्या संगीत नाटकाचा आरंभ एका धीट, समकालीन भाषांतरातून झाला. किर्लोस्करांनी कालिदासाशी जे केले ते आपण आज कालिदासाशी करीत नाही, किर्लोस्करांशीही करीत नाही. आपण त्यांचे स्मरण करतो. नाट्यपदांच्या मैफली होतात, प्रेक्षक वन्समोअर देतात, कोणी हुर्यो करीत नाही. हे प्रेम खरे आहे, पण ते छायाचित्रावरचे प्रेम आहे.

आपल्याला हे जमतच नाही असेही नाही. तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली आले तेव्हा जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर आणि कृष्णदेव मुळगुंद यांनी लोकनाट्याच्या घटकांतून ब्राह्मणांची जी मानवी भिंत उभी केली, ती कोरस या संकल्पनेला मराठीने दिलेले सर्वांत समर्थ उत्तर आहे. ती भिंत गाते, नाचते, लपवते, उघडी पडते आणि अखेरीस गुन्ह्याची भागीदारही ठरते. एपिडॉरसच्या वर्तुळाचा प्रश्न पुण्यातल्या मंचावर विचारला गेला होता. आणि त्यावरही गदारोळ झाला होता. १९८०च्या परदेश दौऱ्याच्या वेळी तर तो पुन्हा उफाळला. तेव्हा भांडण ही ग्रीकांची मिरासदारी नव्हे. फरक एवढाच की त्यांच्याकडे ते भांडण दर उन्हाळ्यात, ठरलेल्या जागी, नव्या संहितेसह पुन्हा मांडले जाण्याची सोय आहे. आपल्याकडे ते एकदा होते, मग त्याचा संदर्भग्रंथ होतो.

माझी सूचना साधी आहे. आपल्याला डोंगराच्या कुशीतले दगडी नाट्यगृह नको, सरकारी अनुदानाचा भव्य महोत्सवही तूर्त नको. आपल्याला दर पिढीला नवे भाषांतर हवे. शाकुंतल, मृच्छकटिक, ऊरुभंग यांची आजच्या मराठीतली, मोठ्याने वाचता येतील अशी भाषांतरे हवीत. ग्रीक नाटकांचीही हवीत. आणि पदव्युत्तर वर्गात एकाच प्रवेशाची दोन भाषांतरे शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची सवय हवी. किर्लोस्करांच्या मराठीतली शकुंतला दुष्यंताच्या दरबारात जे बोलते ते आजच्या विद्यार्थिनीने स्वतःच्या मराठीत लिहून पाहावे. ते कच्चे होईल, चुकेल, पण त्या दोन मजकुरांच्या फटीत तिला कालिदास दिसेल. वर्गात दहा जणांचा कोरस करून थीब्जच्या नागरिकांचे एक गीत म्हणून पाहावे. 'भय आणि करुणा' या शब्दांचा अर्थ मग फळ्यावर लिहावा लागणार नाही.

यावर एक आक्षेप येईल. ग्रीकांना सोफोक्लीज आपला वाटतो, त्यात राष्ट्राभिमान आहे, पर्यटनाचा पैसा आहे. आपल्या विद्यार्थ्याला संस्कृत नाटकाबद्दल तशी आपुलकी का वाटावी? शिवाय त्या वारशात जातीची आणि लिंगभेदाची विषमता भरलेली आहे, त्याला पुन्हा कशाला उजाळा द्यायचा? आक्षेपाचा पहिला भाग खराच आहे. उन्हाळ्यातली ती गर्दी सर्वस्वी साहित्यप्रेमाची नाही, हॉटेले आणि बसगाड्या यांचाही तो हंगाम आहे. दुसरा भाग मात्र मला आक्षेपापेक्षा आमंत्रणच वाटतो. अथेन्सच्या लोकशाहीत स्त्रिया आणि गुलाम नागरिक नव्हते, तरी त्याच रंगभूमीवर मेडिया आणि हेक्युबा उभ्या राहिल्या. तीही पुरुषांनी लिहिलेली, पुरुष नटांनी केलेली पात्रे. म्हणूनच आजचे लेखक त्यांच्याशी पुन्हा हुज्जत घालतात. २०२१ साली एपिडॉरसला झालेल्या माया त्साडेच्या 'इडिपस'मध्ये राजवाड्याच्या जागी आजचे एक व्यवसायी कुटुंब होते. २०२४ साली तियागो रॉड्रिगेझने हेक्युबेची तालीम करणाऱ्या एका नटीला स्वतःच्या मुलासाठी न्याय मागायला लावले. जुन्या संहितेतला अन्याय तिला बंद ठेवून नाहीसा होत नाही. तिला उघडून, तिच्याशी भांडूनच त्याचा हिशेब मागता येतो. चारुदत्ताच्या घरातल्या धूतेला आणि वसंतसेनेला एकमेकींशी काय बोलायचे होते, हे कोणीतरी मराठीत लिहायला हवे.

अभिजात साहित्य म्हणजे ज्याचा वाद संपलेला आहे ते साहित्य, अशी व्याख्या आपल्या अभ्यासक्रमांनी नकळत करून ठेवली आहे. एपिडॉरसच्या सत्तर उन्हाळ्यांनी तिच्या नेमकी उलट व्याख्या सिद्ध केली. जे प्रत्येक पिढीला पुन्हा भाषांतरित करावेसे वाटते, ज्यावरून विद्यार्थी रस्त्यावर उतरतात, मंत्री बंदी घालतात, प्रेक्षक हुर्यो करतात आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात, ते अभिजात. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद मानून झाला असेल तर आता आपल्या अभिजात संहितांशी भांडायला सुरुवात करायला हरकत नाही.